धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व

ग्रँट रोडच्या नाक्यावर ट्राम सोडा आणि फॉकलंड रोडच्या दिशेने चालू लागा. पावसाने चिखल झालाय. धोतर असो की लुगडं, चार बोटं वर धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. आज ८ जुलै १९२१, शुक्रवार. या भागाला मुंबईकर ‘पिला हाऊस’ म्हणतात. पारशी, उर्दू, गुजराती, मराठी, सगळ्या भाषांच्या नाटकांची थिएटरं इथे एकमेकांना खेटून उभी आहेत. तुम्हाला जायचंय ते बालीवाला ग्रँड थिएटरात. पारशी रंगभूमीचे नामवंत नट खुर्शेदजी बालीवाला यांच्या नावाच्या या थिएटरासमोर आज पुणेरी पगड्या, कोल्हापुरी फेटे, मुंबईकरांच्या काळ्या टोप्या आणि अलीकडेच डोक्यावर आलेल्या खादीच्या पांढऱ्या टोप्या यांची एकच गर्दी झाली आहे.

तिकीट जपून ठेवा. पुढच्या रांगेतल्या खुर्चीला आज शंभर रुपये पडलेत. शंभर रुपयांत ज्या काळी साध्या कुटुंबाचा संसार महिन्याहून अधिक काळ चालतो, त्या काळातले हे शंभर रुपये आहेत. तरीही जागा शिल्लक नाही. पैसे जाणार आहेत टिळक स्वराज्य फंडाला. गेल्या १ ऑगस्टला लोकमान्य टिळक सरदारगृहात वारले. त्यांच्या नावाने एक कोटी रुपये उभे करायचे, असं गांधीजींनी आणि काँग्रेसने ठरवलं आणि त्यासाठी ३० जूनची मुदत घातली. ती मुदत आठवड्यापूर्वी संपली, पण फंडाचा उत्साह ओसरलेला नाही. बायकांनी सभांमधून हातातल्या बांगड्या काढून दिल्या आहेत. आज दोन नाटक कंपन्या आपापला मान काढून देणार आहेत.

दारावरच्या जाहिरातीत नाटकाचं नाव वाचा: ‘संयुक्त मानापमान’. नाटक जुनं आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ दहा वर्षं गाजतंय, गर्दीतल्या निम्म्या लोकांना त्यातली पदं पाठ आहेत. आज नवी आहे ती भूमिकांची वाटणी. भामिनी, बालगंधर्व. धैर्यधर, केशवराव भोसले. ही दोन नावं एका नाटकाखाली वाचून माणसं पुन्हा पुन्हा मान वर करून खात्री करून घेताहेत.

त्यांचं आश्चर्य कळायचं असेल तर दहा वर्षं मागे चला. लांब जायला नको, याच वस्तीतल्या रिपन थिएटरात. तारीख १२ मार्च १९११, रविवार. किर्लोस्कर संगीत मंडळी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग करते आहे. लेखक ‘केसरी’त टिळकांच्या खांद्याला खांदा लावून काम केलेला, त्याचं ‘कीचकवध’ इंग्रज सरकारने आदल्याच वर्षी बंद पाडलेलं. या खेपेला त्याने पुराणही घेतलेलं नाही आणि इतिहासही. एक श्रीमंत मुलगी, एक गरीब सेनापती, एक दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर. धैर्यधर गरीब म्हणून भामिनी त्याला झिडकारते, तोही उलट तिचा पाणउतारा करतो. मग ती वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्या जवळ जाते आणि माणसाची किंमत कशात असते ते शिकते. गोष्ट एवढीच. पण पदांचे सूर ऐका. चाली गोविंदराव टेंब्यांच्या आहेत. पूरब ढंगाची ठुमरी, दादरा, कजरी यांचा रस त्यांनी पन्नासच्या आसपास पदांत असा उतरवला आहे की, कीर्तनाच्या आणि साकी-दिंडीच्या चालींवर वाढलेले प्रेक्षक क्षणभर भांबावतात आणि मग मागे वळून पाहत नाहीत.

धैर्यधराच्या वेषात नानासाहेब जोगळेकर आहेत, लक्ष्मीधराच्या वेषात गणपतराव बोडस. भामिनीच्या वेषात बावीस वर्षांचे नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. त्यांच्या घरी आज त्यांची लहान मुलगी वारली आहे. प्रेक्षकांना दिलेली वेळ चुकवायची नाही म्हणून ते उभे राहिले आहेत. समोरच्या माणसांना यातलं काही ठाऊक नाही आणि भामिनीच्या चेहऱ्यावरून ते कळणारही नाही. मला या रात्रीकडे फार वेळ पाहवत नाही. चला, परत फिरू.

जोगळेकर त्याच वर्षी गेले. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, टेंबे आणि बोडसांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमान’ तिच्याबरोबर गेलं, भामिनी म्हणजे बालगंधर्व हे समीकरण घट्ट झालं. दुसरीकडे हुबळीला १ जानेवारी १९०८ रोजी सतरा वर्षांच्या एका मुलाने ललितकलादर्श ही कंपनी काढली होती. तोच हा केशवराव. कोल्हापूरच्या गरीब मराठा घरातला, कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झालेला आणि ‘शारदा’तल्या शारदेच्या भूमिकेने घरोघरी पोचलेला. पुढे रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम मिळाली आणि त्या उंच, धारदार आवाजाला पल्लेदार ताना आल्या. लोकांनी त्याला ‘संगीतसूर्य’ म्हटलं. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले. त्यांच्याकडून आलेली लयीची जाण आणि लडिवाळ स्वर. दोघांचे चाहते एकमेकांशी हॉटेलात, ओटीवर, आगगाडीच्या डब्यात वाद घालतात आणि मित्रांत अबोले होतात.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला नाटकाइतकीच मोलाची वाटते. केशवरावांचे आश्रयदाते राजर्षी शाहू महाराज. वेदोक्त विधींच्या वादापासून ताईमहाराजांच्या दत्तक प्रकरणापर्यंत महाराजांचं आणि टिळकांचं किती बिनसलं होतं हे आजच्या गर्दीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. १९२१ मध्ये ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद इतका तापलाय की, पुण्याची आणि कोल्हापूरची वर्तमानपत्रं एकमेकांवर तुटून पडतात. अशा वेळी शाहूंच्या छायेतला मराठा नट टिळकांच्या नावाच्या फंडासाठी गायला उभा राहतो. आणि ज्याला ‘बालगंधर्व’ हे नाव टिळकांनी दिलं असं महाराष्ट्र मानतो, तो नट त्याच्यासमोर नायिका म्हणून उभा राहतो. गंमत म्हणजे त्या बालगंधर्वांना किर्लोस्कर मंडळीत आणण्यातही शाहू महाराजांचाच हात होता. भूमिका कोणी कोणाला द्यायची, या प्रश्नाचं याहून धाडसी उत्तर मराठी रंगभूमीवर मला दिसत नाही.

आता आत या. पडद्याच्या मागे, रंगपटात. कोपऱ्यात उभे राहा, कोणाच्या वाटेत येऊ नका. आरशासमोर बसलेल्या माणसाचं वय तेहतीस आहे. सफेता आणि पिवडी खलून चेहऱ्यावर हात फिरतोय. गंगावन बांधून झालंय, शालूच्या निऱ्या सारख्या करायला माणूस खाली बसलाय. अत्तराचा वास सगळ्या खोलीत भरलाय. कोणी काही विचारलं की ‘देवा’ म्हणून हळू आवाजात उत्तर येतं. या माणसाच्या कपड्यांवर, दागिन्यांवर, पडद्यांवर कंपनीने पाण्यासारखा पैसा ओतलाय. गेल्या वर्षीच्या ‘द्रौपदी’ने तर मंडळीला कर्जात लोटलंय. पण आज हा आरसा त्यांच्या एकट्याचा नाही. पलीकडे दुसऱ्या कंपनीची माणसं, दुसऱ्या कंपनीच्या पेट्या, दुसऱ्या कंपनीचा मालक. तिशीचे केशवराव कमरपट्टा आवळताहेत. त्यांनीही आयुष्याची कितीतरी वर्षं याच सफेत्यात आणि याच निऱ्यांत काढली आहेत. शारदा झाली, ‘राक्षसी महत्त्वाकांक्षे’तली मृणालिनी झाली. नायिकेने मान किती वळवावी, पदर कधी सावरावा, हे त्यांना अंगातून ठाऊक आहे. आणि आज ते सगळं बाजूला ठेवून सेनापती व्हायचंय, तेही महाराष्ट्राच्या सर्वांत लाडक्या नायिकेसमोर.

घंटा झाली. जागेवर चला.

धूप फिरला, नारळ फुटला, नांदी झाली. नांदी संपेपर्यंतच तुमच्या लक्षात येतं की, आज प्रेक्षागृहाचे दोन भाग आहेत. पहिल्या रांगांत दाद देणाऱ्यांची डावी-उजवी बाजू ठरलेली आहे. धैर्यधर येतो तेव्हा एका बाजूने टाळ्या उठतात आणि थांबत नाहीत. पहिलंच पद असं वरच्या पट्टीत सुरू होतं की, बाल्कनीतली माणसं कठड्यावर ओणवी होतात. तान सरळ वर जाते, तिथे थांबते, पुन्हा वर जाते. तलवारीच्या माणसाला शोभेल असं गाणं. ‘वन्स मोअर’. पुन्हा ‘वन्स मोअर’. तुमच्या शेजारचा पुण्याचा गृहस्थ, जो मघापासून हाताची घडी घालून बसला होता, त्याचे हात सुटतात.

मग भामिनी येते. ती येताना चालत नाही, आवाज करत नाही. ती आहे एवढंच जाणवतं. दुसरी बाजू आता टाळ्या वाजवते आणि पहिली बाजू ऐकायला गप्प होते. बालगंधर्वांचा आवाज केशवरावांच्या आवाजाशी चढाओढ करत नाही. तो समेवर अलगद उतरतो, शब्द मोडत नाही, सारंगी त्याच्यामागून सावलीसारखी येते. दोन कंपन्यांच्या गायकीतलं अंतर इथे ऐकू येतं आणि तेच अंतर नाटकातल्या दोन माणसांमधलं अंतर होतं. धैर्यधर आणि भामिनी एकमेकांना समजून घेत नाहीत, कारण दोघे दोन वेगळ्या जगांतून आले आहेत, हे खाडिलकरांनी संवादात लिहिलं. आज ते गळ्यातून ऐकू येतंय. एकाच कंपनीत, एकाच तालमीत वाढलेल्या दोन नटांना हे असं जमलं नसतं.

म्हणून सांगतो, वेगळा नट निवडणं हा जाहिरातीचा डाव नसतो. त्यामुळे जुन्या संहितेत झोपलेली एखादी गोष्ट जागी होते. पहिल्या रात्री, १९११ मध्ये, ‘मानापमान’ हे सुंदर गाण्यांचं प्रेमनाटक होतं. आज रात्री काय होतंय ते पाहा.

मध्यंतरानंतर भामिनी वनमाला होऊन येते. शालू गेला, दागिने गेले. साधं लुगडं, मोकळे हात. एक पुरुष स्त्री झाला आहे आणि ती श्रीमंत स्त्री आता गरीब मुलगी झाली आहे. वेषामागे वेष, आणि त्या सगळ्यांच्या मागे तो एकच स्वर. प्रेक्षागृहात एक हुंकार उठतो. खालच्या रांगेतल्या एका बाईने गेल्या महिन्यात स्वतःच्या पाटल्या फंडाला दिल्या असतील, तिने आता भामिनीचे मोकळे हात पाहिले. श्रीमंतीपेक्षा शौर्य मोठं, ही नाटकाची गोष्ट दहा वर्षांपूर्वी सज्जन माणसाचा उपदेश म्हणून ऐकली गेली. आज समोर खादीच्या टोप्या आहेत, तीन आठवड्यांनी, ३१ जुलैला, परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजी विलायती कापडाची होळी पेटवणार आहेत, आणि दागिन्यांनी लगडलेल्या लक्ष्मीधराच्या प्रत्येक फजितीला प्रेक्षागृह वेगळ्याच जोराने हसतंय. एक ओळही बदललेली नाही. खाडिलकरांनी बहुधा पहिल्यापासून हेच लिहिलं होतं. ते ऐकू यायला दहा वर्षं, एक मृत्यू आणि दोन प्रतिस्पर्धी लागले.

रात्र उतरणीला लागते. पदांमागून पदं, मागण्यांमागून मागण्या. डोळे चुरचुरताहेत, पण उठून जाणारा माणूस तुम्हाला दिसत नाही. डावी-उजवी बाजू केव्हा मोडली ते कळलंच नाही. पुण्याचे ते गृहस्थ केशवरावांच्या तानेला ‘वाहवा’ म्हणताहेत आणि कोल्हापूरचा फेटेवाला भामिनीच्या एका वळणावर डोळे मिटून बसलाय. धैर्यधर भामिनीचा हात हातात घेतो तेव्हा नाटकातल्या दोघांचं मनोमीलन झालं की बाहेरच्या दोन कंपन्यांचं, हे वेगळं काढता येत नाही.

हे सगळं नीट ऐकून ठेवा, कारण याची तबकडी नाही. १९२१ मध्ये भोंग्यात तोंड घालून बंद खोलीत गायचं आणि तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, अशी परिस्थिती आहे. भरल्या थिएटरातली रात्र टिपून ठेवायचं साधन अजून कोणाकडे नाही.

आणि ही जोडी फार दिवस टिकणार नाही. दोघांनी मिळून ‘संयुक्त सौभद्र’ही केलं, लोकांनी आणखी मागितलं असतं. पण आणखी तीन महिने पुढे या. ४ ऑक्टोबर १९२१. विषमज्वराने केशवराव गेले. वय एकतीस. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी सांभाळली, गंधर्व मंडळी आपल्या वाटेने गेली, आणि संयुक्त प्रयोग ही आख्यायिका झाली.

आख्यायिका होण्यातच घोटाळा झाला. पुढची वर्षं भराभर ओलांडू. दीनानाथ मंगेशकर आपल्या बळवंत संगीत मंडळीत धैर्यधर झाले आणि त्यांनी त्या पदांना आपला आक्रमक, चक्राकार गळा दिला; लोक चकित झाले, काहींनी नाकं मुरडली, आज त्याच तबकड्या आपण कौतुकाने ऐकतो. १९३०च्या सुमाराला हिराबाई बडोदेकर आपल्या भावंडांसह रंगमंचावर आल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीने करायची, तीही पुरुष नटांच्या बरोबरीने, ही तेव्हाची केवढी विचित्र गोष्ट! बाईला बाईसारखं चालता येईल का, असं विचारणारे प्रेक्षक होते. बालगंधर्वांसारखं तिला जमेल का, हा त्याचा खरा अर्थ. हिराबाईंनी बालगंधर्वांची नक्कल केली नाही. त्यांनी किराणा घराण्याचा आपला शांत स्वर आणला आणि नायिका शांत झाली. म्हणजे संगीत नाटकात ज्या ज्या वेळी जीव आला, त्या त्या वेळी कोणीतरी अपेक्षेबाहेरचा माणूस त्या भूमिकेत शिरला होता. १८८० मध्ये किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं तेव्हाही कालिदासाची नायिका मराठी पुरुषाच्या गळ्यातून गायली, तीच मुळात केवढी झेप!

नंतर आपण झेप घेणं सोडलं आणि जपायला लागलो. धैर्यधर म्हटलं की ठरलेल्या जागा, ठरलेल्या ताना, ठरलेला शेला. भामिनी म्हटलं की पदराचा तोच कोन. पुनरुज्जीवन करायचं म्हणजे नाटक अडीच तासांत बसवायचं, पदं कमी करायची, आणि उरलेलं जसंच्या तसं ठेवायचं, एवढाच हिशेब उरला. जे हे प्रयोग करतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. प्रेक्षक मिळवण्याच्या झगड्यात नाटक उभं करणं हेच अवघड असतं. जानेवारी २०२५ मध्ये ‘मानापमान’वर चित्रपटही आला, नव्या पिढीला हे नाव तरी कळलं. पण कोणत्या भूमिकेत कोण, हा प्रश्न आपण पुरेशा धाडसाने विचारत नाही. धैर्यधर बाईने गायला तर? स्वर आणि ताकद असेल तर त्यात अडचण काय आहे? ज्या रंगभूमीवर पुरुषाने भामिनी होऊन अख्ख्या महाराष्ट्राला लुगडं नेसायची तऱ्हा शिकवली, तिथे हा प्रश्न अवघड वाटू नये. भामिनी तमाशाच्या फडात वाढलेल्या मुलीने केली तर? माणसाची किंमत दागिन्यांवर नसते हे वाक्य तिच्या तोंडून वेगळं ऐकू येईल. गोव्यातल्या जत्रेत संगीत नाटकं अजून श्रद्धेने होतात, तिथला एखादा हौशी गायक आणि पुण्यातली ख्याल गायिका समोरासमोर उभी राहिली तर? दोन जगं लागतात या नाटकाला. एकाच क्लासात शिकलेले दोन आवाज ते करू शकत नाहीत.

शेवटी कोल्हापूरला या. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. केशवरावांची जयंती ९ ऑगस्टला. २०२४ मध्ये तिच्या आदल्याच रात्री, ८ ऑगस्टला, ते आगीत जळालं. छप्पर कोसळलं, रंगमंच गेला. कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. पुनर्बांधणी सरकारने हाती घेतली. भिंती, छप्पर, खुर्च्या हे सगळं पैशाने होतं.

त्या रंगमंचावर ‘मानापमान’ व्हायला हवं, आणि कोणत्याही एका संस्थेने ते एकटीने करू नये. कोल्हापूरने एक धैर्यधर द्यावा आणि जिथून कोणाच्या मनात येणार नाही अशा ठिकाणाहून भामिनी बोलवावी. स्पर्धक संस्थांनी आपापले वादक, आपापल्या पेट्या घेऊन एका रंगपटात बसावं. पुढच्या रांगेचं तिकीट मोठ्या रकमेचं लावावं आणि तो पैसा उतारवयातल्या, औषधपाण्याला महाग झालेल्या रंगकर्मींना द्यावा. हे वाचणाऱ्यांत कोणी नाटक बसवणारे असाल, तर भूमिकांची यादी करायला बसताना पहिलं सुचलेलं नाव खोडा आणि दुसरं लिहा.